प्राणायामाला ऑक्सिजनचा टेकू कशाला?

सकाळचा बागेतला वर्ग असो, २१ जूनचा शाळेतला कार्यक्रम असो, नाहीतर कंपनीने दुपारच्या जेवणानंतर ठेवलेलं ताणमुक्तीचं सत्र असो, प्राणायामाची ओळख एकाच पद्धतीने करून दिली जाते. आपण एरवी उथळ श्वास घेतो, फुप्फुसांची बरीचशी जागा रिकामीच राहते. प्राणायामाने ती भरते, रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो, मेंदूच्या पेशीपेशीपर्यंत पोहोचतो आणि त्यामुळे मन शांत होतं. ऐकणारे माना डोलावतात. वर्गात एखाददुसरा डॉक्टरही बसलेला असतो. तो गप्प राहतो. सकाळी सकाळी वाद कोण घालणार?

मला तो घालायचा आहे. सावकाश आणि लांब श्वासाने माणूस निवतो, याबद्दल माझं काहीच भांडण नाही. मी स्वतः रोज बसतो आणि ज्याला जमेल त्याने बसावं असं सांगतोही. भांडण आहे ते मधल्या कारणाशी. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन प्राणायामाने लक्षात येईल इतका वाढत नाही, आणि मन शांत होण्याचं कारण तर तो मुळीच नाही. ‘असेना का चुकीचं, लोक करतात ना?’ म्हणून हे सोडून देता येत नाही. ऑक्सिजनच्या या समजुतीमुळेच निववणारा श्वास मागे पडला आणि दम लावून हवा उपसण्याची कवायत पुढे आली.

आधी त्या ‘रिकाम्या जागे’चं बघू. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो आणि दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. पूर्ण जोर लावून भरलेला आणि पूर्ण जोर लावून सोडलेला श्वास चार-पाच लिटरपर्यंत जातो. हे दोन आकडे शेजारी मांडून ‘बघा, आपण फुप्फुसं किती कमी वापरतो’ असं सांगितलं की श्रोता हळहळतो. पण बसल्या जागी शरीराला मिनिटाला २५० मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो आणि तो त्या अर्ध्या-अर्ध्या लिटरमधून आरामात मिळतो. उरलेली ताकद जिना चढताना, बसच्या मागे धावताना उपयोगी पडते. पगारातले थोडे पैसे बँकेत ठेवणाऱ्याला ‘तुम्ही पैसे वापरतच नाही’ असं कोणी हिणवत नाही. आणखी एक गोष्ट वर्गात कधीच सांगितली जात नाही. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो तिच्यात सोळा-सतरा टक्के शिल्लक असतोच. म्हणजे दारात आलेल्यातलाही बराचसा शरीर न वापरता परत पाठवतं. कमी पडत असता तर असं केलं असतं का?

हातच्या काकणाला आरसा नको. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेला तो बोटाचा चिमटा, पल्स ऑक्सिमीटर, कुठल्यातरी खणात पडलेला असेल. त्याचे सेल बदला आणि बोटाला लावून पाच मिनिटं स्वस्थ बसा. आकडा ९७ किंवा ९८ दाखवेल. आता दहा मिनिटं अनुलोम-विलोम करा, उज्जायी करा, हवं ते करा आणि पुन्हा बघा. ९७ किंवा ९८. फार तर एका अंकाने इकडेतिकडे. खालचा नाडीचा आकडा मात्र बघण्यासारखा असतो, त्याच्याकडे आपण पुढे येऊ. वरचा आकडा हलत नाही, कारण त्याला हलायला जागाच नाही. १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला धरून असतो. नुसता रक्तात विरघळलेला जेमतेम ०.३ मिलिलिटर. हिमोग्लोबिनवरच्या जागा आधीच शेकडा ९७-९८ भरलेल्या. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा?

इथे प्रतिपक्ष थोडा मागे सरतो आणि म्हणतो, ‘रक्तात वाढत नसेल, पण पेशींपर्यंत तर पोहोचतो ना!’ हा बचाव पहिल्यापेक्षाही कच्चा आहे. दम लावून भराभर श्वास घेतले की ऑक्सिजन वाढायचा तो वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर पडतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या याच वायूच्या पातळीवर रुंदावतात आणि आकसतात. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब नेहमी ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो एका मिलिमीटरने उतरला की मेंदूकडचा रक्तप्रवाह साधारण दोन ते चार टक्क्यांनी घटतो. पंचविसापर्यंत उतरला, तर एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त प्रवाह गेला. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यावर हिमोग्लोबिन आपल्याकडचा ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवतं. कोपनहेगनच्या क्रिस्टियान बोर यांनी सहकाऱ्यांसोबत १९०४ मध्ये हे दाखवून दिलं. (अणूवाल्या नील्स बोर यांचे हे वडील.) थोडक्यात, पेशीपेशीला ऑक्सिजन पोहोचवण्यासाठी म्हणून जो खटाटोप केला, त्यानेच मेंदूच्या वाट्याचा ऑक्सिजन कमी झाला.

वर्गात कोणाला गरगरलं, ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर काय सांगतात आठवून बघा. ‘शरीराला इतक्या ऑक्सिजनची सवय नाही.’ ‘नाड्या मोकळ्या होताहेत.’ ‘शुद्धी होते आहे.’ वास्तविक ही सगळी कार्बन डायऑक्साइड घसरल्याची लक्षणं आहेत, आणि शरीर ‘पुरे’ म्हणत असताना शिकवणारा ‘आणखी’ म्हणत असतो.

याची खरी किंमत वर्गाबाहेर मोजावी लागते. बारावीचं परीक्षा केंद्र, पेपर सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत. एका मुलीची छाती धडधडते आहे, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आहे, हवा पुरत नाही असं वाटून ती भराभर श्वास ओढते आहे. भोवती जमलेल्या मैत्रिणी, शिक्षिका, कोणाची तरी आई एकमुखाने सांगतात, ‘मोठा श्वास घे, ऑक्सिजन मिळू दे.’ ती आणखी मोठे श्वास घेते. दोन मिनिटांत तिची बोटं वाकडी होऊ लागतात, कारण कार्बन डायऑक्साइड घटला की रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि स्नायू आपोआप आखडतात. आता ती खरोखर घाबरते आणि घाबरून आणखी ओढते. त्या क्षणी तिला सांगायचं होतं ते नेमकं उलटं: कमी घे, नाकाने घे, हळू सोड, सोडायला जास्त वेळ लाव. एवढं सांगणारं तिथे कोणी नव्हतं, कारण सगळ्यांनी प्राणायामाबरोबर ऑक्सिजनचाच पाढा गिरवलेला. असले प्रसंग ज्यांच्या घरी घडतात त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. (पहिल्यांदाच असं होत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर श्वासाचे प्रयोग करत न बसता डॉक्टर गाठावा.)

जाता जाता कपालभातीवर अन्याय नको. सराव असलेला माणूस कपालभाती करतो तेव्हा त्याचे झटके छोटे असतात, दर खेपेला थोडीच हवा हलते, त्यामुळे त्याचा कार्बन डायऑक्साइड फारसा कोसळत नाही. पण नवशिका पोट, छाती, खांदे, मान सगळं कामाला लावून भात्यासारखी हवा फेकतो. भस्त्रिकेत तर मोठे श्वास घ्यायचेच असतात. आणि वर्गात गंमत अशी की जो जास्त आवाज करतो त्याचं जास्त कौतुक होतं.

‘हे सगळं पाश्चात्त्य शरीरशास्त्र झालं, आपली परंपरा वेगळी आहे,’ हा पुढचा आक्षेप ठरलेला. ठीक. मग आपल्या परंपरेतच, मुंबई-पुण्याच्या दरम्यान असलेल्या लोणावळ्याला जाऊ.

जगन्नाथ गणेश गुणे हे जन्माने १८८३चे, संस्कृतातली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रोफेसर माणिकरावांकडे शरीर कमावलेले आणि अमळनेरला शिक्षणाच्या कामात काही वर्षं घालवलेले गृहस्थ. नर्मदाकाठच्या मालसरच्या माधवदास महाराजांकडून त्यांना योग मिळाला. पुढे हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली आणि उड्डियान करणाऱ्याच्या पोटात नेमकं काय होतं हे बघायला त्यांनी क्ष-किरण लावले, आत किती दाब कमी होतो ते मोजलं. प्राणायामाच्या बाबतीतही पुढच्या काही वर्षांत त्यांनी तेच केलं. करणाऱ्याने सोडलेली हवा गोळा करून तिचं पृथक्करण केलं. निष्कर्ष असा की प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जातो ही समजूत टिकत नाही. त्यांनी तो झाकून ठेवला नाही, स्वच्छ लिहिला. प्राणायामाचं मोल त्यांनी ऑक्सिजनात धरलं नाही. छाती-पोटातल्या दाबांचे फेरबदल आणि मज्जासंस्थेला लागणारं वळण यांत धरलं.

इथे थोडं थांबायला हवं. हा माणूस योगाचा विरोधक नव्हता. आयुष्य योगाला वाहिलेला, इंग्रजांच्या राज्यात योगाला प्रयोगशाळेत मान मिळवून देऊ पाहणारा माणूस होता. ‘ऑक्सिजन वाढतो’ असा निकाल हाती आला असता तर त्याला तो हवाच होता. त्या काळात असा निकाल छापून तो वाहवा मिळवू शकला असता. तसा निकाल आला नाही आणि त्याने आला तसा छापला. आज शंभर वर्षांनी ज्यांच्या वर्गाच्या भिंतीवर ‘योग हे विज्ञान आहे’ असा फलक लागलेला असतो, त्यांनी निदान लोणावळ्याच्या त्या पानांशी तरी प्रामाणिक राहावं.

आणखी मागे जायचं, तर पंधराव्या शतकाच्या सुमाराची स्वात्मारामांची हठप्रदीपिका घ्या. स्वात्मारामांना ऑक्सिजन माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तो वायू वेगळा काढला गेला अठराव्या शतकात. त्यांचा मुद्दा वायू स्थिर झाला की चित्त स्थिर होतं, इतकाच आहे, आणि त्यासाठी त्यांना कसला साठा वाढवून दाखवावा लागत नाही. दुसऱ्या उपदेशात ते आठ कुंभक सांगतात: सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा, प्लाविनी. यांत कपालभाती नाही! ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंगतीला, म्हणजे शरीर स्वच्छ करण्याच्या सहा क्रियांमध्ये बसवली आहे, आणि या क्रियाही ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने करायच्या. बाकीच्यांना त्यांची गरज नाही असं तिथेच म्हटलं आहे. आज कपालभाती सरसकट सगळ्यांना, प्राणायामांचा राजा म्हणून, तीही मन शांत करण्यासाठी शिकवतात. परंपरेचा अभिमान सांगायचा आणि परंपरेचं पुस्तक उघडायचं नाही, असला हा प्रकार आहे.

त्याच ग्रंथात इशाराही आहे. चुकीच्या, जबरदस्तीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळ्यांच्या वेदना होतात आणि वायू हळूहळूच वश करायचा असतो, असं स्वात्माराम बजावतात. पतंजलींनी प्राणायामाला पाच सूत्रं दिली, दुसऱ्या पादातली ४९ ते ५३, आणि तीही आसन साधल्यानंतर. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत आजही नवशिक्याला आधी आडवं करतात. पाठीखाली घडी घातलेलं ब्लँकेट, डोक्याखाली आणखी एक घडी, आणि मग श्वास जसा चालला आहे तसा नुसता बघायचा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही. कितीतरी दिवस एवढंच. मैदानावर शेकडो लोकांना बसवून, ध्वनिक्षेपकावरून आकडे मोजत कपालभाती करून घेणाऱ्यांना ही चिकाटी परवडणारी नाही, हे मला कळतं. पण मग त्यांनी पतंजलींचं नाव तरी घेऊ नये.

आता प्रतिपक्षाकडे असलेला सगळ्यात भक्कम पुरावा मीच पुढे ठेवतो, कारण तो झाकून युक्तिवाद जिंकण्यात अर्थ नाही. इटलीतल्या पाव्हियाचे लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांनी मिनिटाला सहा श्वास घेतले, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी खरोखर सुधारली. याचं कारणही साधं आहे. नाकापासून श्वासनलिकांपर्यंतच्या मार्गात दर श्वासाला सुमारे १५० मिलिलिटर हवा नुसतीच अडकून परत येते. अर्ध्या लिटरचे बारा श्वास घेतले तर कामाची हवा ४.२ लिटर, एक लिटरचे सहा घेतले तर ५.१ लिटर. एकूण हवा तेवढीच, पण वाया कमी जाते. ज्याची पातळी आधीच खाली आहे, त्या हृदयरुग्णाला किंवा उंच डोंगरावर गेलेल्या माणसाला ही बचत लागू पडते. दादरच्या बागेत ९८ घेऊन बसलेल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला ती कुठे लागू पडणार? त्यातही काम करतो तो सावकाश श्वास, जोराचा नव्हे. म्हणजे हा पुरावाही कवायतीच्या बाजूने साक्ष देत नाही.

‘पण लोकांना पटतं, सोपं वाटतं, बिघडलं कुठे?’ कुठे बिघडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये फोनाफोनांवर फिरलेला तो संदेश आठवा: दहा सेकंद श्वास रोखता आला आणि खोकला आला नाही, तर तुम्हाला कोविडचा संसर्ग नाही. कितीतरी सुशिक्षित माणसांनी सकाळी उठून श्वास रोखून पाहिला आणि निर्धास्त होऊन कामाला गेली. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात सिलिंडरसाठी रांगा लागल्या होत्या. २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती होऊन पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवसांत ‘घरच्या घरी प्राणायाम करा, ऑक्सिजन वाढवा’ हे सल्लेही जोरात चालू होते. तेव्हा डॉक्टर लोकांना पालथं झोपायला सांगत होते, त्याला आधार होता. प्राणायामाच्या सल्ल्याला नव्हता. फुप्फुसांतच सूज असताना हवा कितीही खेळवली तरी ती रक्तात शिरणार कुठून?

आणि यात एक फसगत दडलेली आहे. श्वास घ्यायची तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन घटला तरी शरीर बराच वेळ कुरकुर करत नाही. म्हणून तर त्या आजारात ८० च्या खाली आकडा गेलेली माणसं फोनवर गप्पा मारताना दिसत होती. प्राणायामानंतर वाटणारं ‘कसं मोकळं मोकळं वाटतंय’ हे रक्तातल्या ऑक्सिजनबद्दल काडीचंही काही सांगत नाही. जो वर्षानुवर्षं त्या मोकळेपणालाच ऑक्सिजन समजत आला, त्याला ऐन वेळी तो मोकळेपणा चकवतो.

मग शांत होतं ते कशाने? डाव्या हाताचा तळवा वर करून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची तीन बोटं टेकवा आणि नाडी सापडली की श्वास मुद्दाम लांबवा. श्वास आत येताना ठोके जरा जवळजवळ पडतात. सोडताना दोन ठोक्यांतलं अंतर वाढतं. तरुणांत हे सहज कळतं, वय वाढलं की फरक पुसट होतो, काही गोळ्यांनीही होतो. सोडताना ठोके मंदावतात कारण मेंदूतून निघून छाती-पोटात पसरलेली व्हेगस नावाची चेता हृदयाला तेव्हा लगाम घालते. श्वास घेताना तो लगाम थोडा सैलावतो. उच्छ्वास लांबवला की लगामाचा वेळ लांबतो. इतकी सोपी, घरी बसून बोटाखाली तपासता येणारी गोष्ट आपल्या हाताशी असताना आपण दिसत नसलेल्या आणि वाढत नसलेल्या ऑक्सिजनच्या गोष्टी का सांगाव्यात, हे मला उमगत नाही.

याच बेर्नार्दींचा २००१ मधला ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला अभ्यास मला फार आवडतो. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाबात दर दहाएक सेकंदांनी एक लाट आपोआप येत-जात असते. तिच्याशी श्वासाची लय जुळली आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख झाली. रोमन कॅथलिक प्रार्थना आणि तिबेटी मंत्र, दोघांचा हिशेब एकच. आपल्याकडे लांब ओळी एका दमात म्हणत हरिपाठ करणारे किंवा संध्याकाळी स्तोत्र म्हणणारे घरोघरी होते. त्यांना कोणी प्राणायामाचं शुल्क लावलं नव्हतं.

पण लगेच व्हेगसलाही डोक्यावर घ्यायला नको. नव्या पिढीच्या शिबिरांत ऑक्सिजनची जागा या चेतेने घेतलीच आहे. ‘व्हेगस जागी करा’ म्हणून हजारोंची फी घेतात. भ्रामरीने नाकातला नायट्रिक ऑक्साइड कित्येक पटींनी वाढतो, हेही आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे; स्वीडनमध्ये २००२ मध्ये ते मोजलं गेलं आणि ते खरं आहे. गुणगुणताना सायनसमधली हवा ढवळून बाहेर येते, त्यामुळे तो वाढतो. त्यावरून भ्रामरीने अमका आजार बरा होतो असं ठरत नाही, आणि मन शांत होतं ते त्यामुळे, असंही नाही. कारण बदललं, खोड तीच.

या बाबतीतला पुरावा किती बेताचा आहे तेही बघा. श्वासाच्या तंत्रांनी ताण कमी होतो का, याचे १२ प्रयोग आणि त्यांतली ७८५ माणसं एकत्र धरून २०२३ मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी हिशेब मांडला. ताण घटतो, परिणाम लहान ते मध्यम. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक चांगली चाचणी प्रसिद्ध केली. चारशे माणसांचे दोन गट केले. एकाने मिनिटाला साडेपाच श्वासांची लय धरली, दुसऱ्याने बाराची, म्हणजे जवळजवळ नेहमीचीच. रोज दहा मिनिटं, चार आठवडे. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही! सहाच्या जादुई आकड्यावर दुकानं थाटलेल्यांना हे जड जाईल. मला जात नाही. बसणं, फोन बाजूला ठेवणं, लक्ष एका जागी आणणं, काही न करता दहा मिनिटं जाऊ देणं, यांचाही त्यात मोठा वाटा असणार असं मला वाटतं. तो कमी दर्जाचा लाभ कसा? पतंजली काय वेगळं सांगत होते?

आपल्या विवेकवादी मित्रांशीही दोन शब्द. ऑक्सिजनचा दावा खोटा निघाला की ते टाळी वाजवतात आणि अख्खा प्राणायामच थोतांड ठरवून मोकळे होतात. कुवलयानंदांनी दावा खोटा ठरवला आणि प्राणायाम ठेवला. चुकीचं कारण दिलं म्हणून घडणारी गोष्ट घडायची थांबत नाही. फुकटात, दुष्परिणाम करणाऱ्या कुठल्याही गोळीशिवाय, रात्री अडीचला जागं असलेल्या माणसाला अंथरुणातल्या अंथरुणात करता येण्यासारखं जे आहे, ते हसण्यावारी नेणारा माणूस बहुधा कधी अडीचला जागा नसावा.

माझं मागणं फार मोठं नाही. प्राणायाम शिकवणाऱ्यांनी ऑक्सिजनचं वाक्य काढून टाकावं. त्या जागी एवढंच सांगावं की श्वास लांबला, विशेषतः सोडताना, की नाडी मंदावते आणि बऱ्याच जणांना निवांत वाटतं. काहींना मात्र श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरं होतं, त्यांनी डोळे उघडून चालायला जावं, त्यात कमीपणा नाही. मन शांत करण्याच्या वर्गात कपालभाती आणि भस्त्रिका आधी घेऊ नयेत, आणि घ्यायच्याच तर त्याआधी गर्भारपण, हर्निया, हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार आणि काचबिंदू यांची चौकशी करावी. ती मैदानावर ओरडून नव्हे, एकेकाला विचारून. झटक्यांची मोजदाद आणि चढाओढ बंद करावी. चालू असलेल्या गोळ्या कोणाला सोडायला सांगू नयेत. आणि कोणी गरगरतंय म्हणून खाली बसलं, तर ‘शुद्धी होते आहे’ म्हणू नये; श्वास नेहमीसारखा होऊ द्यावा, सकाळी काही खाल्लं होतं का आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे का, ते विचारावं.